सेकंडहँड गेम घ्यावा की नवीन? डिस्क, कार्ड आणि कोडचा हिशेब

कौस्तुभ_आर

माझ्याकडे डिस्क ड्राइव्ह असलेला पीएस५ (प्लेस्टेशन ५) आणि निन्तेंदोचा पहिला स्विच आहे. पुढेमागे स्विच २ घ्यायचा विचार आहे. बहुतेक एकट्याने खेळायचे, कथा असलेले गेम खेळतो आणि संपलेला गेम सहसा पुन्हा लावत नाही. प्रत्येक गेम नवा घेणं परवडत नाही, म्हणून सेकंडहँडकडे वळायचं आहे. नीट माहिती असलेल्यांनी सांगावं:

१. कोणते गेम बिनधास्त वापरलेले घ्यावेत आणि कोणते नवेच घ्यावेत?
२. डिस्क घेताना नेमकं काय तपासायचं? नुसती सुरू होते एवढं पाहणं पुरेसं आहे का?
३. ओरखडे असलेल्या डिस्कने ड्राइव्ह खराब होतो असं ऐकलं. खरं आहे का?
४. वापरलेल्या स्विच कार्डामुळे ऑनलाइन बंदी येते म्हणतात, ते काय प्रकरण आहे?
५. सेलमधला डिजिटल गेम वापरलेल्या डिस्कइतकाच स्वस्त मिळत असेल तर काय घ्यावं?

तबकडी

पहिला आणि पाचवा प्रश्न घेतो. डिस्कच्या तपासणीवर इथले दुसरे लोक माझ्यापेक्षा चांगलं लिहितील.

नवा की जुना हे ठरवण्याआधी त्या बॉक्समध्ये काय आहे ते पाहा. दिसायला सारख्या डब्यांत तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिल्या प्रकारात पूर्ण गेम डिस्कवर असतो, पॅच (नंतर नेटवरून येणारी दुरुस्ती) न घेताही शेवटपर्यंत खेळता येतो. दुसऱ्यात डिस्कवर थोडाच भाग असतो आणि बाकीचा डाउनलोड करावा लागतो. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे २०२२ चा कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २. त्याच्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास डेटा होता. तिसऱ्या प्रकारात डब्यात डिस्क नसतेच, कोड छापलेला कागद असतो. तो कोड एकदाच वापरता येतो, म्हणून असा डबा सेकंडहँड कधीही घेऊ नका. आत कागद असला तरी तो वापरून झालेला असण्याचीच शक्यता जास्त.

पहिल्या प्रकारचे गेम वापरलेले घ्यायला सर्वात चांगले. दुसऱ्या प्रकारचेही घेता येतात, पण डाउनलोडचे सर्व्हर चालू आहेत तोवरच त्यांचा उपयोग आहे हे धरून किंमत द्या. एखादा गेम नेटशिवाय पूर्ण चालतो का हे तपासून नोंदवणारा 'डझ इट प्ले' नावाचा स्वयंसेवकांचा उपक्रम आहे. घेण्याआधी तिथे नाव शोधा. डब्याच्या मागे "इंटरनेट आवश्यक" अशा अर्थाची ओळ असते, तीही वाचा, पण तिच्यात तपशील अपुरा असतो.

सतत ऑनलाइन राहावं लागणाऱ्या गेमच्या बाबतीत डिस्कला फारसा अर्थ उरत नाही. युबिसॉफ्टच्या द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवर अवलंबून असल्यामुळे डिस्कवाल्यांचाही गेम गेला. असे गेम वापरलेले घेताना प्रकाशकाच्या साइटवर बंद होणाऱ्या सेवांची यादी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. दर वर्षी नवी आवृत्ती येणाऱ्या मैदानी खेळांच्या गेमना हे जास्तच लागू आहे. नवी आवृत्ती आली की जुनीची किंमत कोसळते. फक्त घरात दोघांनी बसून सामने खेळायचे असतील तर तेव्हाच मागच्या वर्षीची डिस्क घ्यावी.

आता पैशाचा हिशेब. घेतानाची किंमत बघू नका, घेतली वजा विकली एवढा आकडा बघा. समजा नव्या गेमची किंमत १०० आहे. (हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून धरले आहेत.) तो पहिल्याच आठवड्यात घेतला, तीन आठवड्यांत संपवला आणि ६५ ला विकला, तर खर्च ३५. तोच वर्षभराने वापरलेला ४० ला घेतला आणि २८ ला विकला, तर खर्च १२. डिजिटल सेलमध्ये ३० ला घेतला तर तो परत विकता येत नाही, म्हणजे खर्च पूर्ण ३०. तुम्ही गेम संपवून पुन्हा लावत नाही असं लिहिलं आहे, त्यामुळे समान किमतीला डिजिटल घेण्यात तुमचा तोटा आहे.

नवा घेऊन पटकन विकणं वाटतं तेवढं महाग नसतं, हे लोक विसरतात. पण गेम खरंच महिन्याभरात संपणार असेल तरच. कपाटात सहा महिने पडून राहिला तर हा हिशेब उलटतो.

निन्तेंदोचे स्वतःचे गेम याला अपवाद आहेत. त्यांच्या नव्या प्रतींची किंमत वर्षानुवर्षं फारशी उतरत नाही, म्हणून वापरलेल्या आणि नव्यातला फरक लहान राहतो. तिथे फरक थोडाच असेल तर नवा घ्या, विकताना तोही चांगल्या भावाला जाईल.

डीएलसीचं, म्हणजे मूळ गेमला जोडून वेगळ्या मिळणाऱ्या अधिकच्या भागाचं, आणखी एक आहे. "कम्प्लीट" किंवा "गोल्ड" आवृत्ती वापरलेली घेताना अधिकचा भाग डिस्कवर आहे की डब्यातल्या कोडमध्ये, हे विकणाऱ्याला विचारा. कोडमध्ये असेल तर तुमच्या हाती साधीच आवृत्ती येणार आहे आणि तेवढेच पैसे द्यायला हवेत. पीएस४-पीएस५ च्या डिस्क कुठल्याही विभागातल्या चालतात, पण डीएलसी मात्र डिस्कच्याच विभागाच्या स्टोअरमधून घ्यावं लागतं. पुढच्या कव्हरवरच्या रेटिंगच्या चिन्हावरून विभागाचा अंदाज येतो: ईएसआरबी उत्तर अमेरिका, पेगी युरोप, सेरो जपान. तुमचं अकाउंट दुसऱ्या विभागाचं असेल आणि नंतर डीएलसी घ्यायचं मनात असेल तर ती डिस्क सोडून द्या.

शुभदा_जे

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

सुरू होते एवढं पाहणं अजिबात पुरेसं नाही. पीएस४ आणि पीएस५ वर डिस्कवरचा डेटा आधी मशीनच्या स्टोरेजवर कॉपी होतो आणि बऱ्याच गेममध्ये पहिला भाग कॉपी झाला की खेळ सुरू करता येतो. विकणारा मेनू दाखवतो, पहिला प्रसंग दाखवतो, सगळं ठीक वाटतं. ओरखडा ज्या भागावर आहे तो तोवर वाचलाच गेलेला नसतो. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या मशीनवर गेम आधीच इन्स्टॉल केलेला असेल तर डिस्क फक्त ओळख पटवायला लागते. तेव्हा खूप खराब डिस्कही "चालते".

खरी चाचणी अशी करा. मशीनवर त्या गेमचा आधीचा डेटा असेल तर काढा. सेव्ह काढू नका, फक्त गेम. नेट बंद करा, म्हणजे पॅच मध्ये येणार नाही. डिस्क घाला आणि कॉपी १०० टक्के होईपर्यंत थांबा. मोठ्या गेमला अर्धा-पाऊण तास किंवा जास्त लागू शकतो. आकडा एकाच ठिकाणी अडकला, ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वेग बदलत राहिला किंवा कॉपी करता आली नाही असा संदेश आला, तर डिस्क बाहेर काढून पुसा आणि एकदाच परत प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही तिथेच अडकली तर ती परत करा. दोन डिस्कचा गेम असेल तर दोन्ही डिस्कची चाचणी हवी. डेटाची डिस्क एकदाच लागते म्हणून लोक ती निष्काळजीपणे ठेवतात, आणि अडचण बहुधा तिथेच निघते.

विकत घेतानाच एवढा वेळ मिळणार नाही. म्हणून आधीच ठरवून घ्या: "पूर्ण इन्स्टॉल झाला नाही तर दोन दिवसांत परत." जो हे मान्य करत नाही त्याच्याकडून फक्त अगदी स्वच्छ डिस्क घ्या.

डोळ्यांनी तपासताना एकच प्रखर दिवा असावा. डिस्क तिरकी धरून सावकाश फिरवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात बारीक चरे दिसत नाहीत. काय वाईट आणि किती वाईट हे डिस्कच्या प्रकारावर ठरतं, कारण डेटाचा थर प्रत्येकीत वेगळ्या ठिकाणी असतो.

ब्लू-रे, म्हणजे पीएस३, पीएस४, पीएस५, एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्सच्या डिस्क: डेटा वाचायच्या बाजूने फक्त ०.१ मिमी आत असतो. वर कठीण लेप असतो, त्यामुळे साधे ओरखडे सहजी पडत नाहीत. पण नख अडकेल असा चरा पडला तर तो थेट डेटाच्या जवळ पोहोचलेला असतो. या डिस्कला घासून दुरुस्ती नाही. घासायला पुरेसं प्लास्टिकच वर नसतं.

डीव्हीडी, म्हणजे पीएस२ चे बहुतेक गेम, पहिला एक्सबॉक्स, एक्सबॉक्स ३६०, निन्तेंदोचा वी: डेटा बरोबर मध्ये असतो, दोन्ही बाजूंना ०.६ मिमी प्लास्टिक. वाचायच्या बाजूचे मध्यम ओरखडे चांगल्या यंत्रावर पॉलिश करून जातात.

सीडी, म्हणजे पीएस१ आणि पीएस२ च्या निळ्या डिस्क: डेटा लेबलच्या लगेच खाली असतो. इथे लोक उलटी चूक करतात. खालची बाजू निरखून बघतात आणि छापील बाजूकडे दुर्लक्ष करतात. छापील बाजूवर टोक लागून धातूचा थर निघाला तर तिथला डेटा कायमचा गेला. डिस्क दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे आरपार उजेडाचे ठिपके दिसले तर एकतर थर खरवडला आहे किंवा धातू गंजला आहे. दोन्हींवर इलाज नाही.

ओरखड्याची दिशाही महत्त्वाची. मध्यापासून कडेकडे जाणारा सरळ ओरखडा प्रत्येक फेरीत थोडाच डेटा अडवतो आणि तेवढी चूक भरून काढायची सोय डिस्कच्या रचनेतच असते. गोलाकार, ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग डेटा खातो. एक्सबॉक्स ३६० च्या डिस्कवर अचूक वर्तुळाकार खोल चरा दिसला तर मशीन चालू असताना हलवलेलं आहे. तशी डिस्क घेऊ नका, पॉलिश करूनही भरवसा नसतो.

मधल्या भोकाभोवतीचे तडे न चुकता बघा. डब्यातून डिस्क वाकवून ओढली की तिथून तडा जातो. अशी डिस्क आज चालली तरी ड्राइव्हच्या वेगात तो तडा वाढत जातो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: ओरखड्याने ड्राइव्हला काहीही होत नाही, लेझर डिस्कला टेकतच नाही. ड्राइव्हला धोका असतो तडा गेलेल्या, वाकलेल्या आणि चिकट डिस्कचा. भाड्याच्या दुकानांचे स्टिकर डिस्कवर असतील तर ती हलत फिरते. शिवाय आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये स्टिकर सुटून अडकू शकतो.

साफसफाई: मायक्रोफायबर कापड, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका, कारण वर सांगितलं. तेलकट डाग असेल तर कापडावर (डिस्कवर नव्हे) आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब. टूथपेस्ट लावू नका. ती घासते, चकाकी घालवते आणि ब्लू-रेचा कठीण लेप खराब करते.

मकरंद_व

शुभदा यांनी पॉलिशबद्दल लिहिलं आहे त्यात थोडी भर. पॉलिश केलेली डिस्क ओळखता येते: दिव्याखाली पूर्ण पृष्ठभागावर एकसारखी, लाटांसारखी किंवा अगदी बारीक वर्तुळांची झाक दिसते. मूळ डिस्क अशी दिसत नाही. चांगल्या यंत्रावर एकदा पॉलिश झालेली डीव्हीडी घ्यायला माझा आक्षेप नाही. पण प्रत्येक वेळी प्लास्टिक पातळ होतं आणि फार पातळ झालं की लेझरचा फोकस बिघडतो. म्हणून अशी डिस्क "नव्यासारखी" म्हणून नव्याच्या भावाने घेऊ नये. हाताने फिरवायची स्वस्त यंत्रं मिळतात, त्यांनी केलेलं काम असमान असतं. ती टाळा.

"सीलबंद" म्हणून जास्त पैसे मागणाऱ्यांपासूनही सावध राहा. प्लास्टिक पुन्हा गुंडाळणं सोपं आहे. आजच्या बहुतेक डब्यांचं कारखान्यातलं वेष्टन टोकांना भेटवस्तूच्या कागदासारखं घडी घालून चिकटवलेलं असतं. साध्या उष्णतेने आकसवलेल्या वेष्टनाला कडेने शिवण दिसते आणि हवा जायला बारीक छिद्रं असतात. जुन्या काळातल्या काही खऱ्या सीललाही शिवण असे, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका. त्याच गेमच्या खात्रीच्या प्रतीशी ताडून बघा. डबा हळू हलवा. आत डिस्क खडखडत असेल तर मधले दात तुटले आहेत आणि सील असूनही डिस्कवर ओरखडे असू शकतात.

पार्सलने मागवलीत तर पार्सलवरच्या पत्त्यापासून डिस्कच्या खालच्या बाजूपर्यंत सलग व्हिडिओ काढत उघडा. डब्याचे दात तुटके निघाले तर डिस्क लगेच दुसऱ्या डब्यात हलवा, रिकामे डबे सुटे मिळतात.

पीएस५ बद्दल एक सूचना, कारण सेकंडहँडचा सगळा हिशेब ड्राइव्हवर उभा आहे. २०२३ अखेर आलेल्या बारीक मॉडेलला ड्राइव्ह वेगळा जोडता येतो आणि २०२४ चा प्रो ड्राइव्हशिवायच येतो. सुटा ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना मशीनची नेटवरून नोंद करावी लागते, ते पूर्ण झाल्याशिवाय तो चालत नाही. पीएस४ च्या डिस्कही पीएस५ च्या ड्राइव्हमध्ये चालतात आणि काही गेमना त्याच डिस्कवरून पीएस५ ची आवृत्ती मोफत किंवा थोड्या पैशात मिळते. पीएस४ ची वापरलेली प्रत बहुधा स्वस्त असते, त्यामुळे आधी त्या गेमला हे अपग्रेड आहे का ते बघा. मात्र अपग्रेड केल्यावरही खेळताना पीएस४ ची डिस्क आत ठेवावीच लागते. म्हणजे अपग्रेड करून डिस्क विकता येणार नाही.

निशिगंध

स्विचबद्दल.

स्विचच्या कार्डाला ओरखड्याची चिंता नसते. सेव्ह कार्डावर नसतो, मशीनमध्ये असतो, त्यामुळे आधीच्या मालकाचा सेव्ह पुसायचा प्रश्नही येत नाही. कार्ड अकाउंटला बांधलेलं नसतं. सोनेरी संपर्कपट्ट्यांवर हिरवट किंवा काळपट डाग नाहीत ना, एवढं बघा. कार्ड वाचलं जात नसेल तर ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा पट्ट्यांवर उभा फिरवा आणि पाच मिनिटं वाळू द्या. फुंकर मारू नका, श्वासातली ओल पट्ट्यांना लागते. (घरात लहान मूल असेल तर कार्ड तोंडात घातलं तरी लगेच थुंकेल असा कडू लेप निन्तेंदोने त्यावर दिलेला आहे. तरीही कार्ड मुलांपासून लांबच ठेवा.)

डब्यावर काय लिहिलंय ते मात्र नीट वाचा. पहिल्या स्विचच्या काही डब्यांच्या दर्शनी बाजूला डाउनलोड आवश्यक असल्याची पट्टी असते. विशेषतः दोन-तीन गेमच्या संचात एकच गेम कार्डावर आणि बाकीचे डाउनलोड कोडमध्ये असा प्रकार असतो. वापरलेल्या प्रतीत तो कोड गेलेला असतो.

स्विच २ ला 'गेम-की कार्ड' हा नवा प्रकार आला. यात कार्डावर गेम नसतो, फक्त तो चालवायची किल्ली असते. पहिल्यांदा नेटवरून पूर्ण गेम उतरवावा लागतो, नंतर नेट लागत नाही पण कार्ड आत असावंच लागतं. ते अकाउंटला बांधलेलं नसल्यामुळे वापरलेलं घेता येतं आणि विकताही येतं. पण जागा तुमच्या मशीनची जाते. स्विच २ मध्ये २५६ जीबी आहेत आणि वाढवायला मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं, जुनी साधी मायक्रोएसडी गेमसाठी चालत नाही. शिवाय निन्तेंदोचे डाउनलोड सर्व्हर बंद झाले की ते कार्ड निरुपयोगी. निन्तेंदोच्याच थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या मशीनचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, पण आधी घेतलेलं पुन्हा उतरवणं चालू ठेवलं गेलं. म्हणजे लगेच घाबरायचं कारण नाही, पण पूर्ण गेम असलेल्या कार्डाएवढी किंमत गेम-की कार्डाला देऊ नये. डब्याच्या दर्शनी भागाच्या खाली याची ठळक सूचना असते.

आता बंदीचं प्रकरण. स्विचच्या प्रत्येक कार्डात त्याच्यापुरतं एक वेगळं प्रमाणपत्र असतं. काही जण कार्ड विकत घेतात, त्याची बेकायदा नक्कल काढून स्वतःकडे ठेवतात आणि मूळ कार्ड विकून टाकतात. मग एकच प्रमाणपत्र दोन मशीनवर ऑनलाइन दिसतं आणि निन्तेंदोला नक्कल झाल्याचं कळतं. तुमचं कार्ड खरं असूनही मशीनची ऑनलाइन सेवा बंद होऊ शकते. २०२५ मध्ये स्विच २ वर अशा तक्रारी पुढे आल्या आणि खरेदीचे पुरावे दाखवल्यावर बंदी उठल्याचंही दिसलं. असं क्वचित होतं, पण झालं तर हातात काहीतरी पाहिजे. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, विकणाऱ्याशी झालेलं बोलणं, पैसे दिल्याची नोंद आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो गेम विकेपर्यंत जपून ठेवा. पावती देणाऱ्या दुकानातून घेतलं तर जास्त चांगलं. एकाच माणसाकडे अगदी नवे, वेगवेगळे बरेच गेम प्रकाशनाच्या आठवड्यातच "वापरलेले" म्हणून असतील तर तिथून घेऊ नका.

अवंती_स

वरचं सगळं पटतं, फक्त तबकडी यांच्या हिशेबात एक गोष्ट सुटली. वापरलेल्या प्रतीच्या विक्रीतून गेम बनवणाऱ्यांना काहीच मिळत नाही. मोठ्या प्रकाशकांना त्याने फारसा धक्का बसत नाही. पण पाच-दहा माणसांच्या चमूचा गेम असेल आणि तो पहिल्या महिन्यात नवा विकला गेला नाही, तर पुढचा गेम येत नाही. माझं मत असं: मोठे गेम वापरलेले घ्या, त्यातून वाचलेले पैसे लहान चमूंच्या गेमवर नव्याने खर्च करा. तसेही त्यांचे बरेच गेम फक्त डिजिटल येतात आणि किंमत कमी असते.

तबकडी

अवंती, मान्य. फक्त उलटी बाजूही आहे: वापरलेला गेम विकून आलेल्या पैशातूनच बरेच जण पुढचा नवा गेम घेतात. पुनर्विक्रीचा हक्क गेला तर पहिल्या दिवशी पूर्ण किंमत देणारेही कमी होतील. ईए या मोठ्या प्रकाशकाने २०१० मध्ये वापरलेल्या प्रतींवर ऑनलाइन खेळायला वेगळा पास लावला होता, तो २०१३ मध्ये बंद केला. त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनच्या डिस्कवर पुनर्विक्रीची बंधनं जाहीर केली आणि लोकांचा विरोध पाहून दोन आठवड्यांच्या आत मागे घेतली. आज डिस्क विकता येते ती त्यामुळे.

कौस्तुभ_आर

खूप उपयोगी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न: पीसीसाठी "वापरलेला" गेम हा प्रकार असतो का? स्वस्तात "की" (गेम नोंदवायचे कोड) विकणाऱ्या साइट दिसतात, त्या घ्याव्यात का? आणि गेम बॉय अॅडव्हान्सची जुनी कार्ट्रिज घ्यायची आहेत, पोकेमॉनची, त्यात नकली फार असतात म्हणे.

मकरंद_व

पीसीसाठी थोडक्यात: नाही. २००४ मध्ये हाफ-लाइफ २ डब्यातून घेतला तरी स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या अकाउंटवर नोंदवावा लागत होता आणि एकदा नोंदवलेला कोड दुसऱ्याला देता येत नाही. नंतर जवळजवळ सगळे तिकडेच गेले. जुनी पीसी डिस्क फक्त कोड न लागणाऱ्या किंवा अकाउंटला न जोडणाऱ्या गेमचीच घ्या. कोणी पूर्ण अकाउंट विकत असेल तर अजिबात घेऊ नका. नियमात बसत नाही आणि मूळ मालक पहिल्या खरेदीची पावती दाखवून अकाउंट परत मिळवू शकतो.

स्वस्त कींच्या साइटवर विकणारी अनोळखी माणसं असतात. काही की दुसऱ्या विभागाच्या असतात, काही चोरलेल्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या. त्या नंतर रद्द झाल्या की गेम तुमच्या यादीतून जातो. पीसीवर वापरलेल्या प्रतीची उणीव सेल भरून काढतो. स्टीमवर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, तर जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून नक्कल रोखणारं कुलूप नसलेली इन्स्टॉलर फाइल स्वतःकडे साठवता येते.

शुभदा_जे

जीबीए (गेम बॉय अॅडव्हान्स) कार्ट्रिजसाठी या क्रमाने बघा.

लेबलच्या उजव्या भागात कागदावर दाबून उमटवलेला बारीक क्रमांक असतो, दोन आकडे, कधी पुढे एक अक्षर. प्रकाश तिरका पाडला की दिसतो. तो अजिबात नसेल तर संशय घ्या. खालून पट्ट्यांच्या वर बोर्डाच्या कडेवर निन्तेंदो हे नाव सरळ, स्वच्छ छापलेलं दिसतं. नकलीत ते नसतं किंवा अक्षरं वाकडी असतात. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा असावा. साधा चौफुली स्क्रू म्हणजे उघडलेलं तरी आहे किंवा नकली. या तिन्ही गोष्टींची नक्कल करणारे आता आहेत, त्यामुळे शक्य असेल तर तीन पाकळ्यांच्या पेचकसाने उघडूनच बघा. खऱ्या बोर्डावर निन्तेंदोचं नाव, एजीबी ने सुरू होणारा क्रमांक आणि नीट छापलेल्या चिप असतात. चिपच्या जागी काळा गोळा दिसला तर परत करा.

बॅटरीचं गणित पिढीनुसार बदलतं. पोकेमॉनच्या रुबी, सफायर, एमराल्डमध्ये सीआर१६१६ असते. ती संपली तर सुरुवातीला अंतर्गत बॅटरी संपल्याचा संदेश येतो आणि वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी थांबतात, पण सेव्ह टिकतो, कारण तो फ्लॅश मेमरीत असतो. म्हणजे हा दोष घासाघीस करायला चांगला, नाकारायला नव्हे. याउलट गेम बॉय कलरच्या काळातल्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सीआर२०२५ वर घड्याळ आणि सेव्ह दोन्ही असतात. बॅटरी गेली की सेव्ह गेला. त्यामुळे ती कार्ट्रिज तपासताना सेव्ह करा, मशीन बंद करा, कार्ट्रिज काढून पाच मिनिटांनी परत लावा आणि सेव्ह उरला का बघा. नवी बॅटरी टाकायची तर सोल्डर करायला धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेली घ्या. नुसत्या बॅटरीवर थेट सोल्डर केलं तर ती तापून फुटू शकते.

जुना सेव्ह पुसायचा असेल तर जीबीए आणि डीएसच्या पोकेमॉनमध्ये शीर्षकाच्या पडद्यावर दिशांच्या बटणातली वरची दिशा, सिलेक्ट आणि बी एकत्र दाबा. पुसण्याआधी आतले पोकेमॉन बघून घ्या, कधी हलवून ठेवण्याजोगे निघतात. थ्रीडीएसवर २०११ चा रेसिडेंट ईव्हिल: द मर्सेनरीज ३डी मात्र वापरलेला घ्यायचा असेल तर लक्षात ठेवा: त्यातला सेव्ह गेममधून पुसताच येत नाही, आधीच्या मालकाची प्रगती तशीच मिळते.

डीएसकडे वळलात तर हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हरची कार्ट्रिज साधी राखाडी नसतात. आत इन्फ्रारेड असल्यामुळे प्लास्टिक काळपट असतं आणि मोबाइलचा टॉर्च मागून धरला की गडद लाल दिसतं. राखाडी, अपारदर्शक निघालं तर ते नकली.